नाव एकाचं, हात दुसऱ्याचे

पत्र लिहिणाऱ्याला स्पेलिंग येत नव्हतं, किंवा येत नाही असं त्याला भासवायचं होतं. न्यूयॉर्कच्या एनबीसी वाहिनीला आणि ‘न्यूयॉर्क पोस्ट’ या दैनिकाला १८ सप्टेंबर २००१ च्या शिक्क्याची पाकिटं आली. आतल्या कागदावर मोठ्या अक्षरांत चार-पाच ओळी खरडलेल्या होत्या: अमेरिकेचा आणि इस्राएलचा नाश होवो, अल्ला थोर आहे, आणि मध्येच एक अजब सल्ला, आताच पेनिसिलिन घ्या. पेनिसिलिनचं स्पेलिंग चुकलेलं. डोक्यावर तारीख ०९-११-०१. घडीत थोडी खरबरीत भुकटी. मारायला निघालेला माणूस औषधाचं नाव कशाला सांगतो, यावर पुढे तपास अधिकाऱ्यांनी आणि वाहिन्यांवरच्या पंडितांनी पुष्कळ डोकेफोड केली.

तीन आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरच्या शिक्क्याने, आणखी दोन पाकिटं निघाली. या वेळी ती सिनेटर टॉम डॅशल आणि सिनेटर पॅट्रिक लेही यांच्या नावाने होती. शिक्का तोच, न्यू जर्सीतल्या ट्रेंटनचा. पाठवणाऱ्याच्या जागी फ्रँकलिन पार्कच्या ग्रीनडेल शाळेतला चौथीचा वर्ग, असा पत्ता. अशी शाळा तिथे नाही. पण लोकप्रतिनिधीच्या कचेरीत चौथीच्या मुलांचं पत्र आलं तर कोण संशय घेईल? पाकिटाच्या कडा चिकटपट्टीने बंद केलेल्या होत्या आणि आतली भुकटी पहिल्यापेक्षा फार बारीक होती.

तपास यंत्रणेच्या हाती लागली ती ही चारच पाकिटं. त्या प्रकरणात एकूण २२ जणांना अँथ्रॅक्स झाला आणि ५ जण दगावले. पण या चार पाकिटांवर ज्यांची नावं होती, त्यांच्यापैकी एकालाही काही झालं नाही, त्यांच्या कचेरीतलंही कोणी मेलं नाही. मेले ते फ्लोरिडातला एक छायाचित्र संपादक, वॉशिंग्टनमधले टपाल खात्याचे दोन कर्मचारी, न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयाच्या भांडारात काम करणारी बाई आणि कनेटिकटमधली ९४ वर्षांची आजी. कॅमेरे मात्र जवळजवळ सगळा वेळ पाकिटावरच्या नावांकडे रोखलेले होते. लोक कशाने घाबरले, सरकारने आधी कोणाला औषध दिलं, वर्तमानपत्रांनी कोणाचा फोटो पहिल्या पानावर छापला, हे समजून घ्यायचं तर ही विसंगती डोळ्यांआड करून चालत नाही.

नेमकं बोलायचं तर अँथ्रॅक्स हे विष नव्हे, जिवाणू आहे. आपल्याकडे गुरांना, शेळ्या-मेंढ्यांना होणारी काळपुळी ती हीच. परिस्थिती प्रतिकूल झाली की हा जिवाणू टणक कवचाचा बीजाणू होतो आणि मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. कातडीवरच्या ओरखड्यातून शिरला तर काळी खपली धरणारा फोड येतो, आणि औषध मिळालं की तो बहुधा बरा होतो. श्वासावाटे आत गेला तर सुरुवातीला साधा ताप, अंग मोडून येणं, थोडा खोकला. आणि मग बघता बघता माणूस हातचा जातो. मारणारं विष हा जिवाणू शरीरात शिरल्यावर तयार करतो. माणसाकडून माणसाला फुप्फुसाचा अँथ्रॅक्स लागत नाही. हे त्या ऑक्टोबरात वाहिन्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, पण त्याने फारसा धीर आला नाही, कारण लोकांना शेजाऱ्याची भीती वाटतच नव्हती. भीती होती ती दारातल्या टपालपेटीची.

सरकारची सुरुवातच वाईट झाली. फ्लोरिडात बोका रटनला ‘सन’ नावाचं एक चटकदार साप्ताहिक निघायचं. तिथल्या ६३ वर्षांच्या छायाचित्र संपादकाला श्वासावाटे अँथ्रॅक्स झाल्याचं ४ ऑक्टोबरला जाहीर झालं. अमेरिकेत १९७६ नंतर असा रुग्ण नोंदलेला नव्हता. जुळे मनोरे कोसळून महिनाही झाला नव्हता, त्यामुळे सगळ्यांच्या मनात एकच शंका आली. आरोग्यमंत्री टॉमी थॉम्पसन पत्रकारांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की हे एकटंदुकटं प्रकरण आहे. रुग्ण नॉर्थ कॅरोलायनात गेला असताना ओढ्याचं पाणी प्यायला होता, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. ओढ्याचं पाणी पिऊन फुप्फुसाचा अँथ्रॅक्स होत नाही हे पशुवैद्यकाच्या नवख्या विद्यार्थ्यानेही सांगितलं असतं. थॉम्पसन शिक्षणाने वकील, आधी विस्कॉन्सिनचे गव्हर्नर. लोकांनी घाबरू नये एवढाच त्यांचा हेतू असणार. दुसऱ्याच दिवशी रुग्ण गेला, काही दिवसांत त्याच्या कचेरीतल्या कीबोर्डवर बीजाणू सापडले, आणि ते ओढ्याचं पाणी मंत्रिमहाशयांना कायमचं चिकटलं. त्यानंतर सरकारने जे खरं सांगितलं त्यावरही लोक विश्वास ठेवेनात.

मग पाकिटं वृत्तसंस्थांमध्ये उघडी पडू लागली आणि बातमीदारीचा नेहमीचा रिवाजच उलटा झाला. एरवी वार्ताहर दुसऱ्याच्या दारात जाऊन दुःख विचारतो. इथे एनबीसीचे प्रसिद्ध वृत्तनिवेदक टॉम ब्रोकॉ यांच्या साहाय्यिकेला त्वचेचा अँथ्रॅक्स झाला, सीबीएसमध्ये डॅन रादर यांच्या साहाय्यिकेला झाला, आणि एबीसीच्या कार्यालयात आईबरोबर आलेल्या सात महिन्यांच्या तान्ह्या बाळालाही झाला. ज्यांच्या हातात देशाचा कॅमेरा, तेच रुग्ण. ब्रोकॉ यांनी एका रात्री बातम्या संपवताना प्रतिजैविकाची बाटलीच प्रेक्षकांना दाखवली. मला वाटतं, या घटनेची भीती इतकी फुगली त्यात या योगायोगाचा वाटा मोठा आहे. २२ रुग्ण म्हणजे एवढ्या मोठ्या देशात काहीच नव्हे. दर हिवाळ्यात तिथे साध्या फ्लूने हजारो माणसं मरतात. पण फ्लू वाहिनीच्या मुख्यालयाच्या पत्त्यावर नाव घालून येत नाही.

‘न्यूयॉर्क पोस्ट’चं उदाहरण तर नाटकात शोभेल असं आहे. सिनेटमध्ये भुकटी सापडल्यावर प्रतिनिधिगृहाने कामकाज थांबवलं आणि सदस्य घरी गेले. पोस्टने दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर भल्यामोठ्या टायपात त्यांना पळपुटे ठरवलं. दोनच दिवसांनी कळलं की त्याच वर्तमानपत्रात काम करणाऱ्या एका तरुणीच्या बोटाला अँथ्रॅक्सचा फोड झाला आहे. मग पहिल्या पानावर तिचाच फोटो आला, पट्टी बांधलेलं मधलं बोट वर केलेला. अमेरिकेत त्या बोटाचा अर्थ लहान पोरालाही कळतो. टॅब्लॉइड पत्रकारितेला नावं ठेवणं सोपं आहे. पण त्या महिन्यात भेदरलेल्या कचेरीत बसून कोणीतरी एवढी मस्ती दाखवली, याचं मला कौतुक वाटतं.

आता ब्रेंटवुड. माझ्या मते या सगळ्या हकिगतीचा गाभा इथे आहे आणि त्या काळच्या बातम्यांत तो सगळ्यात उशिरा आला.

वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेऱ्यांचं टपाल ब्रेंटवुड रोडवरच्या एका अवाढव्य केंद्रात वर्गवार व्हायचं. दोन हजारांवर माणसं तिथे पाळ्यांमध्ये काम करत. बहुतेक आफ्रिकन अमेरिकन. सिनेटरांची पाकिटं तिथल्या १७ नंबरच्या यंत्रातून गेली. हे यंत्र पाकिटांवरचा बारकोड वाचून त्यांची वाटणी करतं. रबरी पट्ट्या पाकीट दोन्ही बाजूंनी दाबत प्रचंड वेगाने पुढे फेकतात. या दाबाने आतली हवा बाहेर पडते आणि हवेबरोबर भुकटी. पाकिटाच्या कागदाला जी सूक्ष्म छिद्रं असतात त्यांच्यापुढे एक बीजाणू म्हणजे दरवाजापुढे वाटाणा. चिकटपट्टी कडांना लावली होती, कागदाच्या अंगाला थोडीच लावता येते! त्यात भर म्हणजे यंत्रात साचलेली कागदाची धूळ काढायला कर्मचारी दाबाखालच्या हवेचा झोत मारत. म्हणजे जे काही आत पडलं असेल ते पुन्हा उडून सगळ्यांच्या नाकाशी.

सोमवारी, १५ ऑक्टोबरला सकाळी हार्ट इमारतीतल्या डॅशल यांच्या कार्यालयात एका शिकाऊ तरुणीने ते चौथीच्या वर्गाचं पाकीट उघडलं. भुकटी उडाली. लगेच पोलीस आले, लगेच चाचणी झाली, लगेच औषध सुरू झालं. त्या परिसरातल्या २८ जणांच्या नाकातल्या नमुन्यांत बीजाणू सापडले. त्या २८ जणांपैकी एकही आजारी पडला नाही. एवढं वेळेवर दिलेलं औषध काम करतं हे यातून स्वच्छ दिसतं, आणि म्हणूनच पुढची गोष्ट अधिक टोचते.

ते पाकीट आकाशातून पडलं नव्हतं, ब्रेंटवुडमधून आलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञांचा तोवरचा समज असा की धोका पाकीट उघडणाऱ्याला. बंद पाकीट हाताळणाऱ्याला नाही. ब्रेंटवुड चालूच राहिलं. १८ तारखेला पोस्टमास्टर जनरल जॉन पॉटर यांनी पत्रकार परिषद घेतली तीही ब्रेंटवुडच्याच आवारात, टपाल सुरक्षित आहे हे सांगायला. त्याच दिवशी न्यू जर्सीतलं हॅमिल्टनचं केंद्र बंद करावं लागलं, कारण तिथल्या टपाल कर्मचाऱ्यांमध्ये त्वचेच्या अँथ्रॅक्सचे रुग्ण निघाले. ब्रेंटवुडला टाळं लागलं ते रविवारी, २१ तारखेला. सिनेटमधलं पाकीट उघडून सहा दिवस उलटले होते. संसदेच्या परिसरातल्या पोलिसी कुत्र्यांची तपासणी आधी झाली आणि आमची नंतर, ही ब्रेंटवुडच्या कामगारांची तक्रार पुढे कित्येक महिने ऐकू येत राहिली.

त्याच २१ तारखेच्या पहाटे टॉमस मॉरिस यांनी ९११ ला फोन केला. वय ५५, ब्रेंटवुडमध्येच नोकरी. त्या फोनचं ध्वनिमुद्रण नंतर वाहिन्यांवरून ऐकवलं गेलं. माणूस धापा टाकतोय, पण बोलणं शांत आणि मुद्देसूद. ते सांगतात की मला अँथ्रॅक्सचा संसर्ग झाला असावा असा माझा अंदाज आहे. कामाच्या ठिकाणी एका सहकारी बाईच्या हाती भुकटीचं पाकीट आलं होतं, मी जवळच होतो. त्याचं पुढे काय झालं ते विचारलं तर कोणी धड सांगितलं नाही. डॉक्टरांकडे गेलो तर त्यांना व्हायरल वाटलं, अंगदुखीला टायलेनॉल घ्या म्हणाले. स्वतःच्या रोगाचं अचूक निदान त्यांनी स्वतःच केलं होतं. काही तासांत ते गेले. त्यांचे सहकारी जोसेफ कर्सीन, वय ४७, यांना एका रुग्णालयाने तपासून घरी पाठवलं होतं; ते २२ तारखेला गेले.

यात कोणी दुष्टपणा केला असं मी म्हणणार नाही. त्या वेळच्या ज्ञानानुसार तज्ज्ञ वागले, आणि ज्ञान अपुरं होतं. तरीही बंद पाकिटातून भुकटी गळते का, हा प्रश्न यंत्राशेजारी आठ तास उभ्या राहणाऱ्या एखाद्या माणसाला विचारला असता तर उत्तर मिळालं असतं. त्यांना तिथली धूळ रोज दिसत होती. पाकिटाला एक नाव असतं, पण हात मात्र पंचवीस लागतात. आधी पळापळ झाली ती नावासाठी.

पुढे डिसेंबरात या कामगारांना जादा औषधाबरोबर प्रायोगिक तत्त्वावर लस देऊ केली तेव्हा फार थोड्यांनी ती घेतली. टस्कीगीचं नाव तिथे पुन्हा निघालं. अलाबामातल्या त्या गावी सरकारी आरोग्य खात्याने कृष्णवर्णीय रुग्णांचा उपदंश १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं औषध न देता नुसता ‘अभ्यासला’ होता. ज्याच्या घरी ही आठवण आहे त्याला सरकारी सुईवर विश्वास ठेव म्हणणं अवघडच.

औषधाचीही एक गोष्ट आहे आणि तिचा धागा आपल्यापर्यंत येतो. बायर कंपनीचं सिप्रो हे सिप्रोफ्लॉक्सासिन त्या महिन्यात घराघरात पोचलं. ज्यांना कधी भुकटीचं पाकीट येणार नव्हतं अशांनीही डॉक्टरांच्या मागे लागून ते लिहून घेतलं आणि कपाटात भरून ठेवलं. खरं तर जुनं, स्वस्त डॉक्सिसायक्लिनही चाललं असतं, आणि आरोग्य खात्याने नंतर तसं सुचवलंही. पण दूरदर्शनवर ज्याचं नाव येतं ते औषध खरं, हा नियम तिकडेही तोच. सरकारला लाखो लोकांना पुरेल असा साठा करायचा होता आणि पेटंट बायरकडे. कॅनडाच्या आरोग्य खात्याने तर पेटंट बाजूला सारून एका देशी कंपनीला १० लाख गोळ्यांची मागणीही दिली. मग आरडाओरडा झाल्यावर माघार घेतली. अमेरिकेत पेटंट मोडण्याची नुसती धमकी पुरली. गोळीची किंमत पावणेदोन डॉलरच्या आसपास होती ती २४ ऑक्टोबरच्या करारात ९५ सेंटवर आली.

त्याच वेळी पुण्या-मुंबईत नाक्यावरच्या औषधाच्या दुकानात हीच गोळी डझनभर कंपन्यांच्या नावाने मिळत होती, आणि तीही काही रुपयांत. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूला नव्हे, ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट मिळायचं, त्याचा हा परिणाम. एड्सच्या औषधांवरून गरीब देशांना पेटंटचं पावित्र्य शिकवणारी अमेरिका तीन मृत्यूंनंतर स्वतःच पेटंट मोडायची भाषा करू लागली, हे कतारमध्ये दोहाला जमलेल्या व्यापारमंत्र्यांनी बरोबर टिपलं. १४ नोव्हेंबर २००१ ला सार्वजनिक आरोग्य आणि पेटंट यांवरचं दोहा घोषणापत्र मंजूर झालं. त्यामागे आफ्रिकी देशांचा जुना लढा होता हे खरंच, पण सिप्रोच्या गोंधळाने त्यांच्या हाती ऐनवेळी हुकमाचं पान दिलं.

तिकडे अमेरिकेत पांढऱ्या रंगाच्या प्रत्येक वस्तूवर संशय बसला होता. पिठीसाखर, टाल्कम पावडर, खडूची भुकटी, कॉफीत घालायची दूधपावडर, भिंतीचा पोपडा: फोन आला की अंतराळवीरासारखे पोशाख घातलेले लोक धावत. टपाल खात्याने देशातल्या प्रत्येक पत्त्यावर एक कार्ड पाठवलं, संशयास्पद टपाल कसं ओळखावं ते सांगणारं. टपालाची भीती घालवायचं पत्रक टपालानेच पाठवण्यातली गंमत त्यांच्या लक्षात आली असेल की नाही कोण जाणे. अँथ्रॅक्स याच नावाचा एक हेवी मेटल वाद्यवृंद होता. त्यांनी गमतीने जाहीर केलं की आता आम्ही कुत्र्याच्या पिल्लांनी भरलेली टोपली असं काहीतरी गोंडस नाव घेतो.

सगळ्याच थापा गमतीच्या नव्हत्या. तुरुंगातून पळालेल्या एका गर्भपातविरोधी माणसाने गर्भपात केंद्रांना ५०० हून अधिक पाकिटं पाठवली, आत निरुपद्रवी भुकटी आणि अँथ्रॅक्सची धमकी. उघडणाऱ्या नर्सला ते निरुपद्रवी आहे हे कसं कळणार? अशा पाकिटांचा त्रास ही केंद्रं १९९८ पासून भोगत होती. तेव्हा पहिल्या पानावर त्याची फारशी दखल कोणी घेतली नव्हती. केनियाच्या आरोग्यमंत्र्यांनी एका पत्रात अँथ्रॅक्स सापडल्याचं जाहीर केलं, मग ते चुकीचं निघालं. नोव्हेंबरात मुंबईची पाळी आली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री छगन भुजबळ यांच्या कार्यालयात आलेल्या पत्रात अँथ्रॅक्स असल्याची बातमी जगभर छापून आली. टपालातून आलेल्या अँथ्रॅक्सने भारतात कोणी आजारी पडल्याचं मात्र कधी निष्पन्न झालं नाही.

बातमीदारीतली सगळ्यात महागात पडलेली चूक ऑक्टोबरच्या शेवटची. डॅशल यांच्या पाकिटातल्या भुकटीत बेंटोनाइट ही माती सापडली, आणि ती इराकच्या जैविक शस्त्रांची खूण आहे, असं एबीसी न्यूजने निनावी सूत्रांच्या हवाल्याने सांगितलं. व्हाइट हाउसने नकार दिला, बातमी मात्र चालत राहिली. बेंटोनाइट नव्हतंच. सव्वा वर्षाने, ५ फेब्रुवारी २००३ ला, परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल सुरक्षा परिषदेत बोटात एक इवलीशी कुपी धरून बसले आणि एवढ्याशा भुकटीने सिनेट बंद पाडलं होतं याची जगाला आठवण करून दिली. त्यांचा विषय इराक होता. भुकटी मात्र अमेरिकेतल्याच एका जातकुळीची, ‘एम्स’ या प्रयोगशाळांत वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची होती, हे तोवर शास्त्रज्ञांना माहीत झालेलं होतं.

पत्रकाराने गुप्तहेर व्हायची हौस काही एकविसाव्या शतकातली नाही. टपालाने विष पाठवण्याची कल्पनाही जुनीच. ऑगस्ट १८९८ मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात डोव्हर गावी एलिझाबेथ डनिंग यांच्या नावाने चॉकलेटच्या मिठाईचा डबा आला. सोबत रुमाल आणि प्रेमाचा निरोप, सही नुसती आद्याक्षराची. संध्याकाळी ओसरीवर बसून घरच्यांनी आणि शेजारच्यांनी मिठाई खाल्ली. सोमल होता. एलिझाबेथ आणि त्यांची बहीण दोघी मेल्या, बाकीचे दुखण्यावर निभावले. त्यांचे वडील जॉन पेनिंग्टन माजी काँग्रेस सदस्य. त्यांनी पूर्वी आलेली निनावी पत्रं जपून ठेवली होती, आणि डब्यातल्या चिठ्ठीचं अक्षर त्या पत्रांशी जुळलं. एलिझाबेथचा नवरा असोसिएटेड प्रेसचा वार्ताहर, स्पेनशी चाललेल्या युद्धाच्या बातम्या द्यायला गेलेला. आणि संशय आला तो त्याच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या मैत्रिणीवर, कॉर्डेलिया बॉटकिनवर. बातमीदाराच्याच घरातली भानगड म्हटल्यावर वृत्तपत्रांना रान मोकळं सापडलं. हर्स्टच्या ‘एक्झामिनर’सारख्या पत्रांचा तो सुवर्णकाळ, त्यांचे प्रतिनिधी पोलिसांच्या बरोबरीने दुकानं, विक्रेते, साक्षीदार धुंडाळत फिरले. खटल्यात आणखी एक मजेदार पेच निघाला: विष घातलं कॅलिफोर्नियात, मेल्या डेलावेअरमध्ये, मग खून झाला कुठे? खटला कॅलिफोर्नियात चालला आणि बॉटकिनला जन्मठेप झाली. फेरखटल्यातही शिक्षा कायम राहिली. १९१० मध्ये ती तुरुंगातच मेली.

तिथे तरी तपास अक्षरावर, दुकानदारांच्या ओळखपरेडीवर, काही पुराव्यावर उभा होता. २००२ मध्ये स्टीव्हन हॅटफिल या संशोधकाविरुद्ध एवढंही नव्हतं. महाधिवक्ता जॉन अॅशक्रॉफ्ट यांनी त्यांना ‘तपासाच्या दृष्टीने रस असलेली व्यक्ती’ म्हटलं. कायद्यात अशी काही वर्गवारी नाही, आरोपी म्हणायची हिंमत नसली की वापरायचा हा शब्दप्रयोग. त्यांच्या घरावर छापा पडला तो वरून घिरट्या घालणाऱ्या वाहिन्यांच्या हेलिकॉप्टरसकट. नोकरी गेली. सहा वर्षांनी, जून २००८ मध्ये, सरकारने जवळपास ५८ लाख डॉलरची तडजोड केली आणि ऑगस्टमध्ये ते निर्दोष असल्याचं लेखी कबूल केलं. तोवर संशयाची सुई लष्कराच्या फोर्ट डेट्रिक प्रयोगशाळेतल्या ब्रूस आयव्हिन्स यांच्याकडे वळली होती. आरोपपत्र दाखल होण्याआधीच जुलै २००८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. एफबीआयने त्यांना एकटं दोषी मानून फेब्रुवारी २०१० मध्ये फाइल बंद केली. राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २०११ मध्ये म्हटलं की नुसत्या शास्त्रीय पुराव्यावरून भुकटीचं मूळ निर्विवाद सिद्ध होत नाही. न्यायालयासमोर हे कधी आलंच नाही.

अँथ्रॅक्सनंतर टपालात दिसलं ते रायसिन. हे मात्र खरोखरचं विष, एरंडाच्या बियांमधलं. आपल्या बांधावरचा एरंड, ज्याच्या तेलाच्या आठवणीनेच जुन्या पिढीचं तोंड वाकडं होतं, तोच. तेलात ते उतरत नाही, पेंडीत राहतं. ऑक्टोबर २००३ मध्ये साउथ कॅरोलायनात, फेब्रुवारी २००४ मध्ये सिनेटर बिल फ्रिस्ट यांच्या टपालखोलीत ते सापडलं. कोणी दगावलं नाही, कामकाज फारसं अडलं नाही, लोकांनीही बातमी वाचून पान उलटलं. एप्रिल २०१३ मध्ये मात्र पुन्हा एरंडाचं गुऱ्हाळ सुरू झालं. बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्ष ओबामा, सिनेटर रॉजर विकर आणि मिसिसिपीतल्या एका न्यायाधीशबाई यांना रायसिन लावलेली पत्रं आल्याचं कळलं. पत्राखालच्या आद्याक्षरांवरून आणि ठेवणीतल्या वाक्यांवरून त्याच राज्यातला एक माणूस पकडला गेला. तो समारंभांत एल्व्हिस प्रेस्लीची नक्कल करून गाणारा. वाहिन्यांना आणखी काय हवं! त्याच्या चमचमत्या पोशाखातल्या चित्रफिती दिवसरात्र फिरल्या. घरात एरंडाचं एक बीसुद्धा सापडलं नाही. आठवड्याच्या आत तो सुटला. सुटल्यावर पत्रकारांना म्हणाला की चौकशीत रायसिन म्हणाले ते मला राइस ऐकू आलं, आणि मी तर भातही खात नाही. त्याला अडकवणारा होता त्याच्याशी जुनं वैर असलेला एक गावकरी. त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली.

टपालाची व्यवस्था तोवर बदललेली होती. सरकारी कचेऱ्यांचं टपाल इलेक्ट्रॉनच्या झोताखालून काढलं जाऊ लागलं; कागद पिवळा, ठिसूळ होई आणि सुरुवातीला ते हाताळणाऱ्यांनी डोकं दुखत असल्याच्या तक्रारी केल्या. वर्गवारीच्या केंद्रांत पहिल्याच यंत्रापाशी हवेचे नमुने तपासणारी उपकरणं बसली, यंत्रांवर झोत मारणं बंद होऊन धूळ ओढून घेणारे पंप आले. हार्ट इमारत क्लोरीन डायऑक्साइड वायूने शुद्ध करून २२ जानेवारी २००२ ला उघडली, म्हणजे तीन महिन्यांत. ब्रेंटवुड उघडायला डिसेंबर २००३ उजाडला. त्याला आता कर्सीन आणि मॉरिस यांचं नाव आहे.

फ्लोरिडातल्या छायाचित्र संपादकाच्या पत्नीने, भुकटी सरकारी प्रयोगशाळेतून बाहेर गेली या मुद्द्यावर, सरकारवर दावा लावला आणि २०११ मध्ये २५ लाख डॉलरवर तडजोड झाली. ब्रेंटवुडच्या कामगारांनीही दावा लावला होता: केंद्रात बीजाणू आहेत हे वरिष्ठांना कळलं असूनही आम्हाला कामावर ठेवलं. वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने तो २००४ मध्ये फेटाळला.